हवा भरेपर्यंत

प्रिय मालकीणबाई,

हसू नकोस. ट्रक तुझ्या नावावर आहे, तेव्हा मालकीण तूच. मी नुसता ड्रायव्हर. फोन केला असता, पण लेकीच्या घरी फोन कायम स्पीकरवर. मी ‘बरी आहेस ना’ विचारलं की आधी जावईबापू ‘मजेत’ म्हणतात, मग बाळ रडतं, आणि तू काय म्हणालीस ते राहूनच जातं. मागच्या वेळी मात्र तुझं स्पष्ट ऐकू आलं. ‘ट्रक विकून इकडे कायमचे येताय की नाही, ते एकदाच सांगा.’ मी म्हटलं, बघतो. त्या ‘बघतो’चं पुढे काय झालं ते लिहितो.

गिऱ्हाईक मिळालं आहे. वीटभट्टीवाला आहे, माणूस सरळ वाटला. त्यानं टायर पाहिले, इंजिन ऐकलं, खाली वाकून चासी ठोकून बघितली. दुसऱ्यांदा आला तो मुद्दाम सकाळी आला, आणि ब्रेकच्या हवेचा काटा तळाला गेलेला बघून म्हणाला, ‘काका, हिला दमा आहे. आधी व्हॉल्व्ह बदला, मग बोलू.’ त्याचं काय चुकलं? रात्रभरात हवा उतरते, ब्रेक चाकं आवळून बसतात, आणि टाकीत पुन्हा हवा भरेस्तोवर गाडी जागची हलत नाही.

खरं सांगू, तो बिघाड आहे हे मी विसरलोच होतो. मी गाडी सुरू करायची आणि तू एका हातात दोन कप धरून पलीकडच्या दारानं वर चढायचं, हे इतकं अंगवळणी पडलं होतं. चांगली पंधरा मिनिटं मिळायची. लेकीचं लग्न तिथंच ठरलं. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन तिथंच ठरलं आणि तिथंच तीनदा रद्द झालं. जे विषय घरात काढले की भांडण व्हायचं, ते केबिनमध्ये बिनबोभाट पार पडायचे. इंजिनच्या आवाजात दोघंही आधीच ओरडत असायचो, चिडून आणखी आवाज चढवायला जागाच नसायची. मग काटा वर यायचा, हँडब्रेक सोडला की ‘फुस्स’ व्हायचं आणि तू कप गोळा करून उतरायचीस. तू लेकीच्या बाळंतपणाला गेलीस तेव्हापासून मी एकच कप घेऊन बसतो. समोरच्या भिंतीचा रंग कुठं कुठं उडालाय ते मला आता पाठ आहे.

तर गाडी साबण्या मिस्त्रीकडे नेली. त्यानं चाकांखाली ठोकळे लावले, वाटीत साबणाचा फेस केला आणि ब्रशनं प्रत्येक जोडावर फासत गेला. हँडब्रेकच्या व्हॉल्व्हपाशी फेस उकळल्यासारखा फुगला. मी म्हटलं, आतलं रबर बदलून भागव. तो म्हणाला, आतून घासलाय, अख्खाच बदलू. मग टाक्यांमधली हवा सोडली, नळ्या खोलल्या, आणि हा बाबा स्टुलावर चढून फळीवरून नवा खोका काढतो तर खोक्यावर बोटभर धूळ! दोन वर्षं मला सांगत होता, पार्ट येतोय, पार्ट येतोय. मी चांगलाच फैलावर घेतला. तसा कान खाजवत म्हणाला, ‘माझ्यावर कशाला डाफरता? वहिनींना विचारा. त्यांनी मला विचारलं, रस्त्यात धोका आहे का. मी म्हटलं, नाही, चालत्या गाडीत हवा पुरते, नुसती सकाळी निघायला खोटी होते. तर म्हणाल्या, होऊ दे खोटी. ह्यांना इतक्यात सांगू नका.’

त्यानं व्हॉल्व्ह बसवला, पुन्हा फेस लावला. एक बुडबुडा नाही. सकाळी चावी फिरवली तर काटा रात्री सोडला तिथंच. कप हातात होता आणि गाडी निघायला तयार! बसायला काही निमित्तच उरलं नाही. मी आपला इंजिन बंद करून बसलो.

‘बघतो’ म्हणालो त्याचं कारण आता सांगतो. मला वाटत होतं, तुला तिथं घर आहे, नात आहे, दिवसभर माणसं आहेत. मी गॅलरीत बसून दुसऱ्यांच्या गाड्या बघणार आणि तुझ्या पायात पायात येणार. मिस्त्रीनं तोंड उघडलं आणि ते मनातून गेलं. गाडी विकतो. सोबतच्या कागदावर फुली केली आहे तिथं सही करून पाठव. माझी एकच अट आहे. सकाळी सगळे उठायच्या आधी आपण दोघांनी पंधरा मिनिटं कुठंतरी बसायचं. जिन्यात चालेल. तिथं इंजिन नसेल, तेव्हा हळू बोलावं लागेल. तेवढं शिकून घेऊ. जुना व्हॉल्व्ह मी पिशवीत टाकला आहे. लेकीनं विचारलं तर सांगू, बाळाला खेळायला आणलाय.

तुझाच,
सही येईपर्यंत तुझ्या पदरी असलेला ड्रायव्हर