मागची दोन अक्षरं

३ नोव्हेंबर, सोमवार
हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी पडून राहतात. तिथे लिहिते आहे, नवी वही घेतलेली नाही. मनातलं कागदावर उतरवलं की जपात लक्ष लागतं असं प्रवचनात ऐकलं होतं. कोणी वाचायचं नाही, त्यामुळे खरं तेच लिहीन.

जाऊबाईंचा फोन. सतरा तारखेला येतात, गुडघे दाखवायला. चार दिवस राहतील. म्हणाल्या, भाऊजींनी गाडी घेतली म्हणे, आमच्यासारखीच, पण सगळ्यात साधी वाली ना? मी हो म्हटलं. साधी आहे तर साधी.

गाडी जुनीच आहे, ह्यांच्या ऑफिसातल्या साहेबांनी वापरलेली. रंग राखाडी. मागे डाव्या बाजूला गाडीचं नाव आणि उजवीकडे चकचकीत दोन अक्षरं. जाऊबाईंच्या गाडीला पाच आहेत. अक्षरं जितकी जास्त तितकं मॉडेल वरचं, हे आज लेकीने फोनवर सांगितलं. ऐकून मला काहीही वाटलं नाही.

जपाच्या दोन माळा. दुसरीत मोजणी चुकली.

४ नोव्हेंबर, मंगळवार
दुपारी पडल्या पडल्या विचार केला. नवं पातेलं आणलं की त्यावरचं स्टिकर आपण घासून काढतोच ना? स्टिकरसकट कोणी भाजी शिजवत नाही. मग गाडीवर कशाला हवंय, मी अमुक आणि मी तमुक? हा निव्वळ अहंकार आहे. दोन अक्षरांचा असला तरी अहंकारच. ती काढून टाकावीत.

जाऊबाईंच्या येण्याशी याचा संबंध नाही. सतराच्या आत व्हावं, इतकंच.

लेकीला विचारलं. म्हणाली, हल्ली लोक मुद्दाम काढतात, फॅशन आहे. पण आधी बाबांना विचार, ते रोज पुसतात ती. मी म्हटलं, न विचारता मी काही करते का?

संकल्प : ह्यांना विचारून मगच हात लावायचा.

५ नोव्हेंबर, बुधवार
विचारण्याच्या अगदी बेतात होते.

सकाळी गॅलरीतून पाहिलं. इमारतीतल्या आठ गाड्या पुसणारे काका आहेत, पासष्टी उलटलेले. पहाटेच्या गारठ्यात बादली घेऊन येतात. आमचीही तेच पुसतात, पण मागची दोन अक्षरं तेवढी सोडतात. ती हे ऑफिसला निघताना स्वतः पुसतात, खिशातल्या रुमालाने. आधी फुंकर मारतात. एकतीस वर्षं सायकल चालवली ह्यांनी. दुसऱ्यांच्या गाड्यांचे कागद फाइलला लावण्यातच आजवरची नोकरी गेली. ती फुंकर पाहून मला भरून आलं.

मग लक्षात आलं की यालाच मोह म्हणतात. नवऱ्याला मोहातून सोडवणं बायकोचं काम. आणि मोहात पडलेल्या माणसाला विचारून काय उपयोग? नाही विचारलं.

काकांना रोजच्यासारखा चहा दिला. आमच्या चहाचा चोथा मी टाकत नाही, त्यांच्यासाठी पुन्हा उकळते. रंग जरा फिका येतो पण साखर सढळ हाताने घालते. कानतुटका कप त्यांच्याच नावाने वेगळा ठेवला आहे. दानाचा गाजावाजा करू नये, म्हणून इथेही एवढंच लिहिते.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
पद्धत कळली. अक्षरांवर गरम पाणी सोडायचं, मागून जाड दोरा घालून करवतीसारखा ओढायचा. डिंक राहिला तर तेलाचं बोट. गॅरेजवाल्याची गरज नाही, शिवाय तो ह्यांच्या ओळखीचा.

आधी फ्रीजवर करून पाहिलं. दारावरचं कंपनीचं नाव दहा मिनिटांत निघालं. फ्रीज कसा निगर्वी दिसतो आता.

हे पाणी प्यायला उठले. फ्रीजसमोर बराच वेळ उभे राहिले, मग बाटली घेऊन गेले. घरातल्या गोष्टींकडे ह्यांचं लक्षच नसतं.

९ नोव्हेंबर, रविवार, सकाळ
रविवारी हे लांब फिरायला जातात. थर्मास, तेलाची वाटी, चिंधी आणि ह्यांच्या पँटी शिवायचा निळा दोरा घेऊन उतरले. पार्किंगमध्ये कोणी नव्हतं. काका पलीकडे नळावर बादली भरत होते, त्यांची पाठ होती. देवाचं नाव घेऊन सुरुवात केली.

पहिलं अक्षर अख्खं निघालं. दुसऱ्याचे दोन तुकडे झाले, पण निघालं.

आणि खाली अक्षरंच.

उन्हाने गाडीचा रंग विटला आहे, हे रोज बघून कळत नव्हतं. अक्षरांखालचा मात्र कोराच राहिला. आधी चमकायची म्हणून नीट वाचता तरी येत नव्हती, आता ठसठशीत गडद दोन अक्षरं, फाटकापासून वाचता येतात. तेल चोळलं. त्याने तर उठूनच दिसायला लागली.

तुकडे शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली ठेवलेत.

संकल्प : हे आले की लगेच सांगायचं. नाश्त्याच्या आधी.

त्याच दिवशी, दुपार
नाश्त्याच्या आधी ह्यांना भूक लागली होती. उपाशी माणसाला असं काही सांगू नये.

नाश्ता करून हे खाली गेले आणि वर आले. खुर्चीत बसले. म्हणाले, मागची अक्षरं नाहीत. आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "अगंबाई."

यात खोटं काही नाही. अगंबाई म्हणजे काही विधान नव्हे.

१० नोव्हेंबर, सोमवार
इमारतीचे सेक्रेटरी घरी आले. चोरी हा शब्द त्यांनीच काढला. आम्ही कोणी काढला नव्हता. पार्किंगमधल्या कॅमेऱ्याचा दोन वर्षं फक्त लाल दिवा लागतो, त्यामुळे चित्र नाही. मग स्वतःच म्हणाले, गाडीला हात लावणारा एकच माणूस आहे.

ह्यांनी सांगितलं, माझी काही तक्रार नाही, विषय सोडा. ते म्हणाले, तुमची नसेल, इमारतीची आहे. आज अक्षरं गेली, उद्या चाकं जातील.

मी चहा ठेवायला आत गेले. पातेल्यापुढे ठरवलं की बाहेर जाऊन सरळ सांगून टाकायचं. पण चहा होईपर्यंत ते उठले. माझा काय इलाज?

काकांच्या चहाबरोबर आज दोन बिस्किटं दिली. मनाला बरं वाटलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
तीन घरांनी काकांना नको सांगितलं. राहिली पाच.

नीट विचार केला. स्वतःच्या गाडीची वस्तू स्वतः काढली तर ती चोरी नव्हे. चोरी झालीच नाही तर चोरही नाही. चोर नाही तर काका चोर नाहीत. म्हणजे काकांवर आळच नाही, मग मी सांगायचं ते काय? तीनदा ताळा करून पाहिला, बरोबर येतो.

जेवताना हे म्हणाले, तुला काही सांगायचंय का? मी सांगितलं, मीठ संपत आलंय. ह्यांनी मान हलवली. येताना मीठ आणलं.

एकच माळ. तीही अर्धी.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
सेक्रेटरी लढाई जिंकल्यासारखे जिना चढून आले. काकांनी कबूल केलं म्हणे. पुसताना फडकं अडकलं, अक्षरं तुटली, घाबरून कचऱ्यात टाकली. उद्यापासून त्यांचं काम पूर्ण बंद.

खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहिते : आधी मला सुटल्यासारखं वाटलं. मग वाटलं, काका म्हणतात तर फडकं अडकलंही असेल. घटकाभर मी त्यावर विश्वास ठेवला. मग शिवणाचा डबा उघडला. बटणांखाली तिन्ही तुकडे होते.

संध्याकाळी काका कप परत द्यायला आले, विसळून आणला होता. मी दारातच विचारलं, असं का सांगितलंत? ते म्हणाले, "ताई, नळावरून सगळं दिसतं. मी म्हातारा माणूस, कुठेतरी बादली मिळेल. तुम्हाला इथेच राहायचंय." आणि जिना उतरता उतरता म्हणाले, "आठ घरांत चहा देणाऱ्या तुम्ही एकट्याच."

तो चहा.

दार लावलं. आज माळ हातात घेतली नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार
सांगितलं. नाश्त्याच्या आधी.

शिवणाचा डबा ह्यांच्यापुढे ठेवला आणि झाकण काढलं. ह्यांनी तिन्ही तुकडे जुळवून पाहिले. म्हणाले, "फ्रीज पाहिला होता, त्यामुळे त्याच दिवशी कळलं." आणि निळा दोरा गाडीच्या मागच्या फटीत अजून लोंबतो आहे म्हणे, रोज दिसतो.

मी म्हटलं, अहो, मग बोलला का नाहीत? म्हणाले, "तू सांगशील म्हणून थांबलो. थांबता थांबता त्या माणसाचं काम गेलं. ते माझ्याही माथी आहे."

रागावले असते तर बरं झालं असतं. का काढलीस, हेही विचारलं नाही. मी आपणहून अहंकाराबद्दल सांगायला लागले, तर म्हणाले, "वहिनी सतराला येतायत ना?" आणि चपला घालायला लागले.

दोघंही सेक्रेटरींकडे गेलो. मी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी तीनदा विचारलं, स्वतःच्याच गाडीची? आतल्या खोलीतून त्यांची बायको बाहेर येऊन ऐकत उभी राहिली. दुपारपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं. जिन्यात आता सगळे माझ्याशी जरा जास्तच हळू बोलतात.

मग काकांच्या खोलीवर गेलो, दोन गल्ल्या पलीकडे. मी माफी मागितली. वाक्यं पाठ करून गेले होते, पण त्यांनी मध्येच बसायला स्टूल पुसून दिलं आणि मी विसरले. मंगळवारपासून येतो म्हणाले. आठांतल्या सहाच घरांनी परत बोलावलं. दोघांनी म्हणे इतक्यात दुसरा माणूस ठरवला.

१७ नोव्हेंबर, सोमवार
जाऊबाई बसने आल्या. पाच अक्षरांची गाडी मुलाकडे असते, परगावी. ह्यांनी स्टँडवरून आपल्या गाडीतून आणलं. पुढे बसून आल्या, उतरल्या, जिना चढल्या. मागे फिरकल्यासुद्धा नाहीत.

मला राहवेना. इतकं झालं ते झालं, पण बघितलं तरी पाहिजे. गुडघ्यांना चालणं चांगलं असं सांगून संध्याकाळी खाली नेलं. आमच्या गाडीच्या बरोबर मागे उभं केलं. दोन अक्षरं त्यांच्या नाकासमोर. बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "ह्यातली तुमची कुठली गं?"

हात लावून दाखवली. म्हणाल्या, छान आहे, आता वर जाऊ, पाय भरून आले.

जिन्यात मीच विचारलं, तुमच्या गाडीला पाच अक्षरं आहेत ना हो मागे? म्हणाल्या, कसली अक्षरं? मी फोनवरच्या साध्या वाल्याची आठवण करून दिली. तर म्हणाल्या, अगं, मुलगा म्हणत होता म्हणून मी म्हटलं. मला काय कळतंय त्यातलं, मला गाडी लागते, मी बसल्या बसल्या डोळे मिटून घेते. आज पुढे बसले म्हणून वाचले.

जिन्यात दोनदा थांबलो. दुसऱ्यांदा मी दमले म्हणून.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
सकाळी काका आले. गॅलरीतून पाहिलं, आमची गाडी पुसली, मागचा उजवा कोपरा नेहमीसारखा सोडला. मग हे उतरले. रुमाल काढला. फुंकर मारली. आणि जिथे अक्षरं होती तिथे पुसलं, दोन्ही, एकेक करून.

मी आत आले.

मनाशी केलेल्या संकल्पाप्रमाणे काकांना ताजा चहा केला. नवी पूड, घट्ट दूध, कान असलेला चांगला कप. स्वतः खाली नेऊन दिला. अर्धा प्यायले आणि थांबले. संकोचत म्हणाले, "ताई, रागावू नका. पित्ताला कडक चालत नाही मला. आधीचाच बरा होता."

म्हणजे उद्यापासून पुन्हा चोथा. निदान कप तरी चांगला द्यायचा, हे नक्की.

त्याच दिवशी, दुपार
चांगला कप जाऊबाईंसाठी काढून ठेवला आहे. चार दिवसांच्या पाहुण्या, त्यांना कानतुटका कसा देणार? काकांना त्या गेल्यावर.