गंजीच्या सावलीतली गाडी

९ एप्रिल
जयूला सातवा लागला. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय मी सांगायचं? पण विहीणबाईंचा पुण्याहून फोन. एकदम गोड आवाजात. "तुमच्याकडं दुष्काळ, त्यात गाडीचा पंखा असला. एवढ्या लांब पोरीला कसं नेणार?"
पंखा! फोन ठेवला आणि डोक्याची शीरच उठली. मागच्या महिन्यात हे पुण्याला गेलते, तेव्हा जयूला गाडीतून देवाला नेलं. पंखा एक, दोन, तीनवर मेलेला. थंडीत हीटर लावला तेव्हापासूनच बिघडलेला, पण ह्यांना सवड न्हाई. चारवर लावला की भणाणतो, धूळ सगळी तोंडावर. पोरीला गाडीतच उलटी झाली. तेवढंच निमित्त पाहिजे होतं त्यांना.

१० एप्रिल
ह्यांना म्हणलं, केजला मेकॅनिककडं गाडी टाका. "कावून? मी घरीच करतो. मोबाइलवर बघितलंय."
दूध सोसायटीचे सचिव हायेत, सगळंच मोबाइलवर बघितलेलं असतं. सोसायटीनं चारा छावणी उघडली तसे दिवसभर तिथंच. जगाच्या म्हशींना चारा पोचला का, पाणी पोचलं का. आणि घरच्या पोरीचं...
जाऊ द्या. 

१२ एप्रिल
डाव्या सीटसमोरचा कप्पा उचकटला. स्क्रू माझ्या भाकरीच्या परातीत! आतून तारांच्या वेटोळ्यांची एक पट्टी काढली, काळीठिक्कर.
"ही जळली. पहिल्या तीन स्पीडला हिच्यातून करंट जातो. चारला हिचं काम न्हाई, म्हणून चार चालू."
केजहून नवी आणून बसवली. पंखा एकवर लागला! लगेच जयूला फोन केला. ती हसली, मी रडले. येडीच हाय मी.

१५ एप्रिल
पुन्हा मेला. पुन्हा नुसता चार.
"माल डुप्लिकेट निघाला," म्हणे. दरवेळी दुकानदाराचीच चूक. तेवढ्यात विहीणबाईंचा फोन, "मग, गाडीचं काय झालं?" मी ठोकून दिलं, "झाली की दुरुस्त." ह्यांच्यापायी खोटं बोलायची पाळी आली.

१६ एप्रिल
दुपारी डबा घेऊन छावणीवर गेलते. बघते तर गाडी कडब्याच्या गंजीला चिकटून उभी. औंदा झाडांना पान न्हाई, सावली काय ती गंजीचीच. "सीट तापू ने म्हणून रोज हितंच लावतो," म्हणे. वर गडी पेंढ्या उपसतेत अन् भुसा सगळा गाडीवर. काचेखालच्या काळ्या जाळीत बोटं घातली. मूठभर पाचोळा.
"पंखा हवा कुठून घेतो ओ?"
जाळीकडं बघितलं. मग हळूच, "हितूनच."
लई बोलले. चारचौघांत बोलले. बोलायला नको होतं असं आताही वाटत न्हाई.

१७ एप्रिल
आज पंखाच खाली उतरवला. पात्यांत कडब्याची पानं, भुसा, सगळं घट्ट बसलेलं. हातानं फिरवला तर करकरतोय.
"पंखा जड झाला की पट्टीवर ताण. म्हणून नवी पण जळली," हे म्हणाले. दुकानदाराचं नाव निघालं न्हाई.
माझ्या जुन्या ब्रशनं साफ केला. वरची जाळी मी स्वतः साफ केली, ह्यांच्यावर इश्वास न्हाई. आणखी एक पट्टी बसवली. आता एकवर इतका हळू, की हात पुढं धरल्याबिगर कळत न्हाई.
"आता खूश का?"
"गाडीनं खूश होऊ? पोरगी येऊ द्या आधी."

१९ एप्रिल
जयूचाच फोन. दबक्या आवाजात. "आई, पंखा झाला ना? आता सासूबाईंनी पाण्याचं काढलंय. तुमच्याकडं टँकर चार दिसाला येतो, बाळाचं धुणं कशात धुतील, म्हणतेत."
म्हणजे पंख्याचं कारण कधी नव्हतंच! आणि आम्ही येड्यासारखे गाडी उचकटत बसलो. उद्या पाणी दाखवलं तर आणखी काही निघंल.
म्हणलं, "तुला यायचंय का न्हाई, तेवढं सांग."
तिकडं दार लोटल्याचा आवाज आला. मग, "यायचंय गं. पण मी कसं बोलू?"
"तू नको बोलू. मी येते बोलायला."
माझी जयू. शाळेत असताना पोरांना झोडपून यायची. ती आता फोनवर कुजबुजती. ह्याचा राग कुणावर काढू?

२० एप्रिल
उद्या उजाडायला पुण्याला निघायचं. दोन टाक्या भरून, झाकून ठेवल्यात. बाळबाळंतिणीचं पाणी. ह्यांनी पण हात लावायचा न्हाई, सांगून ठेवलंय.
संध्याकाळी हे छावणीवर जायला उठले. खुंटीवर चावी न्हाई.
"चावी कुठंय?"
"माझ्या पदराला. मला गाडी येत न्हाई, पण आज रात्री ती गंजीखाली जायची न्हाई. चालत जावा."
गेले चालत. जाताना म्हणाले, "अन् त्यांनी न्हाईच पाठवली तर?"
मी गाडीकडं गेले. पुढच्या सीटवर गोधडी घातली, पाठीला उशी ठेवली. पंखा एकवर लावून थोडा वेळ शेजारी बसले. चालतोय.
रिकामी सीट घेऊन मी परत यायची न्हाई. न्हाई पाठवली तर तिथंच, त्यांच्या दारात बसन, जयू गाडीत बसंपर्यंत.