शेजारची जागा

रेवस, १९५८

गोदूच्या बाबांस, कोकिळेचा नमस्कार.

हे पत्र टपालात टाकणार नाही, म्हणूनच मोकळेपणानं लिहिते. काल मुंबईला आले होते. तुमच्या खोलीचं दार एका बाईनं उघडलं. “मालक कामावर गेलेत,” म्हणाली. तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं. “घर चुकले,” म्हणून मी माघारी फिरले.

परतीच्या लाँचमध्ये शेजारी एक म्हातारे मुसलमान गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, “एकटीच हाय का, बाय?” माझ्या तोंडून निघून गेलं, “मालक मागून येताहेत.” लगेच ते सरकले आणि मधल्या जागेवर आपली छत्री ठेवली. कोणी बसायला आलं की सांगायचे, “हितं हिचा मानूस बसनार हाय.”

लाँच सुटली, धक्का दिसेनासा झाला. तुम्ही येणार नाही, हे त्यांना कळलं असणारच. तरी त्यांनी छत्री उचलली नाही, मला काही विचारलंही नाही. अंग चोरून बसून राहिले.

मग कडेवर लेकरू घेतलेली एक कोळीण लाटेनं झोकांडली. मी छत्री उचलून त्यांच्या हाती दिली.

“बस गो बाय,” मी तिला म्हटलं, “हितं कोणी येणार न्हाय.”

त्यांनी तोंड समुद्राकडे फिरवलं आणि रेवस येईपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही. मी पोटभर रडून घेतलं.

गोदूची आई,
कोकिळा