पन्नास अंशांचं कार्ड

मुलुंड पूर्व,
१२ ऑगस्ट १९८६

प्रिय मृणाल,

दोन वर्षांनी माझं अक्षर बघून पाकीट न उघडताच फाडलं नाहीस ना? फाडलं असतंस तरी माझी तक्रार नाही. दिंडोशीला तुझ्या गणिताच्या शिकवण्या छान चालल्यात असं कळलं. बरं वाटलं म्हणावं, तर तोंड नाही मला. तुझी जागा संस्थेत, आपल्या टेबलाशी होती गं.

मी कॉम्प्युटरमध्ये खोटी सर्पिल दीर्घिका रचायची, तिच्यात हायड्रोजन वायू फिरवायची, आणि रेडिओ दुर्बिणीला ती जशी दिसेल तशी धूसर करून तुला द्यायची. त्या आकड्यांतून तुझ्या प्रोग्रॅमने वायूचा वेग परत काढायचा. वेग मीच घातलेला, त्यामुळे उत्तर मला माहीत. ते जुळलं की तुला खऱ्या दीर्घिका मिळणार होत्या. पण जुळेचना, दर वेळी वेग कमीच. चार महिने तू डबा अर्धा तसाच घरी न्यायचीस. शेवटी म्हणालीस, "अनु, तुझी दीर्घिका तू सांगतेस तेवढी कललेली नाहीये." केवढी भडकले मी! कॉम्प्युटरला आकडे देणाऱ्या माझ्या भोकं पाडलेल्या कार्डांत चूक? आपल्या दोघींच्या गाईड सरांना ठणकावून सांगितलं, हिचा प्रोग्रॅमच गंडलाय. सरांनी माझं ऐकलं आणि तुझी फेलोशिप थांबली.

परवा आईच्या मसाल्याच्या डब्याखाली एक पंच कार्ड मिळालं. रद्दी कार्डांच्या पाठीवर ती वाण्याची यादी लिहिते, तुला माहितीये. मागे तूरडाळ, गूळ, खोबरेल. पुढे दीर्घिकेचा कल: तुला सांगितलेल्या साठऐवजी पन्नास अंश, म्हणूनच तुझा वेग कमी यायचा.

चूक मला परवा कळली, असं लिहून तीन कागद फाडले. खरं सांगते. तू टेबल रिकामं केलंस, त्याच्या आदल्याच दिवशी ते कार्ड मला सापडलं होतं. मीच ते रद्दीत घालून घरी आणलं. माझा प्रबंध अडकला असता, म्हणून गप्प बसले. तुला जिन्यापर्यंत पोचवायलासुद्धा आले मी, निर्लज्जासारखी.

काल सरांना सगळं सांगितलं. वाटलं, ओरडतील, प्रबंध काढून घेतील, मी सुटेन. ते एवढंच म्हणाले, "मला काय सांगतेस? आधी तिला सांग." म्हणून हे पत्र. कार्ड सोबत ठेवलंय. पुढच्या सोमवारी सर तुझी वाट बघतील. मी समोर नको असेन तर येणार नाही. तुझ्या प्रोग्रॅमचा गठ्ठा माझ्या कपाटात आहे, त्यातलं एकही कार्ड वाण्याकडे गेलेलं नाही. तो बरोबर होता, मृणाल. पहिल्या दिवसापासून.

म्हणायची लाज वाटते, तरी तुझीच,
अनुपमा