टिकतीन ते पायडल

प्रिय खुशीचे पप्पा,

रोज फोनवर बोलणं होते, मग हे पत्र कायले, असं तुमाले वाटन. फोनवर तुमी कंपनीच्या गेटपाशी उभे असता, मागं ट्रक वाजून राह्यते, अन् तुमी एकच विचारता, बॅग भरली का. मी म्हणते, भरली. खोटं बोलते. भरते अन् मग खुशीचा एखादा फ्रॉक लागते म्हणून उघडते, मग माझी साडी काहाडते, मग सारंच बाहेर येते. दिवाळीनंतर आमाले चाकणले न्यायचं हे तुमी पोळ्याले आले तवाच ठरवून टाकलं, खोलीही पाहून ठेवली. मी तवा हो म्हटलं नाही अन् नाहीही म्हटलं नाही. तवापासून माझ्या जीवाले थारा नाही. चुलीपाशी बसली की अंगणात जावंसं वाटते, अंगणात गेली की वावरात. तुमची याडी म्हणते, सुनेच्या पायाले भिंगरी लागली. पण तिनं कारण विचारलं नाही. सासू असून विचारलं नाही, म्हणून मले जास्तच भेव वाटलं.

अशाच एका दुपारी गोठ्यात गेली अन् आड्याले टांगलेली तुमच्या बापूंची सायकल खाली काहाडली. भंगारात देऊन टाक म्हणून तुमी सांगून गेलते. भंगारवाला तांड्यावर आला होता, पण मी त्याले म्हटलं, मालक घरी नाही. चाक फिरवून पाह्यलं तर जात्यात डाळ भरडल्यासारखा आवाज. मोबाईलवर पाहू पाहू बापूंच्याच पान्यानं समोरचं चाक खोललं. आतले छर्रे इतके दिवस ग्रीसमंदी चिकटून होते, अन् मी त्याइले दाबून धरणारा कोन, तो आट्याचा नट, काहाडल्याबरोबर सारे अंगणात पळाले. खुशी रांगत रांगत वेचून राह्यली होती, तरी एक कोंबडीनं गिळलाच. याडी म्हणे, आता लोखंडाचं अंडं देईन. कितीक दिवसांनी आमी तिघी हसलो पाहा. तुमी असते तर मलेच रागावले असते, अन् मग सर्वात जास्त तुमीच हसले असते.

जुन्या परातीत डिझेल घेऊन सारं धुतलं. छर्रे झिजून चपटे झालते, म्हणून नवे आणून ग्रीसमंदी बसवले. त्याच्यात काही कठीण नाही. कठीण आहे तो कोन आवळणं. जास्त आवळला की चाक घरघर करते, ढिला ठेवला की डुलते. मी तो कितीक वेळा खोलला अन् बसवला. सायकलची दांडी धरून धरून याडीचे हात आखडले, तरी माझं समाधान होये ना. शेवटी एकदा चाक उचलून नुसतं सोडलं, तर हवा भरायच्या नळीची बाजू जड, ती हळूच खाली आली, जराशी झुलली अन् थांबली. आवाज नाही, काही नाही. मी तशीच मातीत बसून राह्यली. पोळ्यापासून पहिल्यांदा माझं मन जाग्यावर होतं.

पायडलानं मात्र रडवलं. उजवं निघालं, डावं निघे ना. पान्यावर उभी राह्यली, दातओठ खाल्ले. याडी म्हणे, एवढा जोर कापूस वेचायले लावला असता तर वावर मोकळं झालं असतं. मग समजलं की डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, अन् मी काहाडून राह्यली समजून आवळून राह्यलती.

नवे पायडल आणायले यष्टीनं दिग्रसले गेली. तुमच्या वर्गातला तो धर्मपाल, त्याचं बसस्टँडजवळ दुकान आहे ना, तिथं. त्यानं माझ्यासमोर तीन जोड्या ठेवल्या. एक प्लास्टिकची, रंगीत, हलकी. एक लोखंडी, दातवाली, पावसाळ्यात चिखलाचा पाय बी घसरत नाही अशी. अन् एक रबरी ठोकळ्याची, जड. मी चप्पल घालून प्रत्येकावर पाय ठेवून पाह्यला. दातवालीचे दात पातळ चपलेतून तळव्याले टोचले, अन् साडीचा काठही अडकून फाटला असता. रबरीवर पाय चांगला टेकला. धर्मपालनं तुमची खुशाली विचारली. तुमी आमाले न्यायले येऊन राह्यले हे त्याले माहीत होतं. मग तो म्हणे, “वहिनी, दिवाळीपर्यंतच चालवायची असन तर प्लास्टिकचीच घ्या. कायले खर्चात पडता?”

सरळ गोष्ट होती. त्याचं काही चुकलं नाही. पण मी प्लास्टिकची जोडी त्याच्याकडं सरकवली. मी म्हटलं, “टिकतीन ते द्या.” इतकंच. त्यानं रबरी जोडी कागदात बांधून देल्ली. यष्टीत ती मांडीवर घेऊन बसली अन् वाटलं, अंजू, तू आत्ता काय बोलून गेली?

मागच्या उन्हाळ्यात मी चाकणले महिनाभर राह्यली. खोलीत पंखा होता, नळाले पाणी होतं, अन् तुमी पाळीवरून येताना जिलबी आणत होते, हे मी विसरली नाही. पण तुमी गेले की मी दाराकडे तोंड करून बसे. झाडलेलं घर पुन्हा झाडे. तुमी थकून येऊन झोपत, अन् दिवसभर साचलेलं बोलणं माझ्या तोंडातच राही. तुमाले तवा बोलली नाही, कारण तुमी आमच्यासाठीच राबून राह्यले होते.

आता खरं सांगते. होळीत तुमी मोबाईलवर पोस्टाच्या भरतीचा माझा अर्ज भरून देल्ला होता, आठवते? माझे दहावीचे मार्क पाहून तुमी म्हणाले, अबे, तू तं हुशार निघाली. मग तुमी विसरले, मीही विसरली. पोळा करून तुमी गेले अन् यादीत माझं नाव लागलं, खालच्या गावच्या पोस्टात डाकसेवक म्हणून. यवतमाळले डोळे दाखवायले गेलती म्हटलं ना, ते कागद दाखवायले गेलती. टपाल सायकलवर वाटा लागते, माहेरी ढाणकीले शिकलेली सायकल आता कामी आली. आजपासून मी कामावर आहे. मी चाकणले येत नाही. हे फोनवर बोलायले गेली की तुमचा आवाज ऐकून माझी जीभ उचलत नाही, म्हणून लिहिलं. तुमच्याबिगर करमत नाही, हे याडीलेही माहीत आहे. पण तिथं तुमची वाट पाहणं एवढंच माझं काम, अन् इथं चार गावं माझी वाट पाहतीन. राग आला तर फोनवर पोटभर बोला, मी ऐकीन. दिवाळीत येजा, पण आमाले न्यायले म्हणून नका येऊ. अन् पाकिटावरच्या तिकिटाकडं जरा पाहजा. आमच्या पोस्टमास्तर नंदाबाई म्हणाल्या, पहिला शिक्का तूच मार. पत्र आत घालायच्या आधीच घाईत मारला, म्हणून वाकडा बसला.

तुमचीच,
अंजू