कारण : विवाह

छावणी, औरंगाबाद
दि. ११ फेब्रुवारी २०१३

चि. नीरजास आत्याचे अनेक आशीर्वाद.

काल तुझा बाप येऊन गेला. आठ दिवसांनी टँकर येतो, तो नेमका त्याच वेळी आला. मी आणि शेजारच्या केसरबाई बादल्या ओढत होतो आणि मधुसूदन खुर्चीत बसून आम्हाला पडेगावच्या प्लॉटचं वर्णन ऐकवत होता. तिथं बोअरला चारशे फुटांवर धूळ लागते, हे त्यानं सांगितलं नाही. ते केसरबाईंनी सांगितलं.

मग म्हणाला, नीरजा लग्नाआधी राजीनामा देईल, प्लॉटसाठी प्रॉव्हिडंट फंड काढेल आणि महिन्याभरात त्याच कंपनीत परत लागेल. फंड नुसता पडून आहे म्हणे. फोनवर मला फक्त चिडता येतं, म्हणून लिहिते.

पडून असतं ते जुनं सायकलचं चाक. फंडात दरमहा तुझ्या पगारातून जेवढं कापतात, तेवढंच कंपनीला स्वतःच्या खिशातून घालावं लागतं. त्यावर व्याज चढतं, व्याजावर व्याज चढतं. कंपनीच्या हिश्शातला मोठा भाग पेन्शनीकडे जातो. दहा वर्षं भरली की अठ्ठावन्नाव्या वर्षापासून मरेपर्यंत पेन्शन, आणि तुझ्यामागं नवऱ्याला. नोकरीत असताना बरंवाईट झालं तर घरच्यांना विमा, तो वेगळाच. तुझी नऊ वर्षं आणि एक महिना झालाय. आता सगळं काढून घेतलंस तर मोजणी पुन्हा एकपासून. एवढा साधा हिशेब बी.कॉम. झालेल्या मुलीला मी सांगायचा?

उत्तर लगेच पाठव. माया आहेच, राग त्याहून जास्त आहे.

तुझी
भानूआत्या

~

पुणे
दि. २० फेब्रुवारी २०१३

ती. आत्यास नीरजाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र हॉस्टेलच्या मेसमध्ये वाचलं आणि सायकलच्या चाकाला एकटीच हसले. रागावू नकोस. दहा वर्षांचं मला खरंच ठाऊक नव्हतं. आमच्याकडे पगाराच्या स्लिपवर ‘कपात’ एवढंच असतं आणि आम्ही ते बघून उसासा टाकतो.

पण बाबा म्हणतात, हिमांशूच्या घरच्यांची अपेक्षा आहे. हुंडा ते मागणार नाहीत, चांगली माणसं आहेत, पण मुलीच्या नावानं काहीतरी जागा असावी असं त्यांच्या बोलण्यातून येतं म्हणे. प्लॉट आम्हा दोघांसाठीच आहे. एकतीस वर्षांच्या मुलीचं लग्न जमलंय आत्या, बाबांच्या तोंडावर किती वर्षांनी हसू आलंय. त्यात मी फंडाचं व्याज मोजत बसू?

शिवाय सोय आहे. एरवी नोकरी सोडल्यावर फंड मिळायला दोन महिने थांबावं लागतं. पण बाईनं कारण ‘विवाह’ असं लिहिलं तर थांबायला लागत नाही. हे बाबांना इतकं नेमकं कसं ठाऊक, याचं मलाच नवल वाटलं. अर्ज भरून ऑफिसात दिलाय, पंधरा मार्चला पुढं जाईल.

पाण्याच्या बादल्या तू उचलू नकोस. रागातही आठवण ठेव.

तुझी
नीरजा

~

छावणी, औरंगाबाद
दि. २७ फेब्रुवारी २०१३

चि. नीरजास अनेक आशीर्वाद.

त्याला नेमकं कसं ठाऊक, ते मी सांगते. आजवर कुणाला सांगितलं नाही. लाज वाटायची. आता फक्त शिसारी येते.

१९९६ साली मधुसूदनला गुलमंडीत कापडाचं दुकान घ्यायचं होतं आणि पागडीला पैसे कमी पडत होते. माझी कारखान्यात सतरा वर्षं झाली होती. राजीनामा दे, फंड काढ, साहेब तुला परत घेतील, असं त्यानंच ठरवलं. दोन महिने थांबायला मात्र दुकानाचा मालक तयार नव्हता. तेव्हा मधुसूदननं माझा अर्ज भरून आणला. नोकरी सोडण्याचं कारण : विवाह. मी बेचाळीस वर्षांची होते, नीरजा. मला तोवर कुणी बघायलाही आलं नव्हतं. मी सही केली.

अर्ज टाइम ऑफिसच्या मोतीरामच्या हातून गेला आणि संध्याकाळपर्यंत कारखानाभर झालं. माझ्या टेबलाभोवतीच्या बायकांनी माझं केळवण केलं. पुरणपोळी, हिरव्या बांगड्या, वर्गणी काढून घेतलेली मोरपंखी साडी. मुलगा काय करतो म्हणून विचारलं, तर मी सांगितलं की बँकेत आहे. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर लोकांनी दहा वर्षं मला खोटं बोलू नये म्हणून शिकवलं होतं. पोळीवर तूप वाढून घेत मी बोलले.

तीन आठवड्यांनी मी मंगळसूत्राशिवाय, मोकळ्या गळ्यानं कामावर परत आले. कुणी एक अक्षर विचारलं नाही. मुलानं ऐन वेळी मोडलं, असं सगळ्यांनी धरलं आणि निवृत्त होईपर्यंत सोळा वर्षं माझ्याशी हळू आवाजात बोलले. ती दया मी रोज डब्यासोबत खाल्ली.

दुकान दोन वर्षांत बुडालं. त्या काळी फंडाला बारा टक्के व्याज होतं. माझे पैसे तिथंच राहिले असते तर आज चौपट-पाचपट झाले असते. आज ज्या दोन खोल्यांत राहते, त्या दुसऱ्या सोळा वर्षांच्या फंडातून घेतल्या. पहिल्या सतरा वर्षांचं माझ्याकडे काहीच नाही.

तू एवढंच कर. हिमांशूला स्वतः विचार की प्लॉटची अपेक्षा कुणाची आहे. आणि प्लॉटसाठी दिलेल्या इसाराची पावती कुणाच्या नावाची आहे, ते बापाला विचार.

तुझी
भानूआत्या

~

पुणे
दि. ९ मार्च २०१३

ती. आत्यास सा. न. वि. वि.

हिमांशूला विचारलं. त्याला पडेगाव कुठं आलं तेच ठाऊक नाही. त्याच्या आईनं फोन घेऊन मला दोनदा विचारलं की आमच्याकडून असं कोण बोललं. मी विषय बदलला.

बाबांना विचारलं. पावती तूर्त त्यांच्या नावाची आहे. पुढं करून देऊ म्हणाले. हे प्लॉट वर्षात दुपटीला जातात, शहर तिकडंच वाढतंय, तू मला शिकवू नकोस, असंही म्हणाले. मग फोन त्यांनी ठेवला.

काल अर्ज परत घेतला. आमच्या ऑफिसातल्या मोनिकानं माझा हात धरून हळूच विचारलं की लग्न मोडलं का. तिचा आवाज ऐकून मला तुझी सोळा वर्षं एकदम कळली. मी तिथल्या तिथं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की लग्न पाच मेला आहे आणि नोकरी मी सोडत नाही.

बाबा बोलत नाहीत. आई रडते. तू लग्नाला येशील ना?

तुझी
नीरजा

~

छावणी, औरंगाबाद
दि. १४ मार्च २०१३

चि. मधुसूदन यास आशीर्वाद. वयानं मोठी आहे म्हणून लिहिले, मनात नाहीत.

नीरजानं अर्ज परत घेतला तो माझ्या सांगण्यावरून. तेव्हा तिच्याशी अबोला धरू नकोस, माझ्याशी धर. मला तो सोसतो.

इसार बुडत असेल तर बुडू दे. प्लॉट तुला हवा होता, तर स्वतःच्या नावानं पैसे मागायचे होतेस. पोरीच्या सासरची चांगली माणसं तू पुढं केलीस, याची मला जास्त किळस येते.

पाच मेला मी येणार आहे. पहिल्या रांगेत बसेन आणि मोरपंखी साडी नेसेन. ती सतरा वर्षं घडी मोडल्यावाचून ट्रंकेत आहे. कुणी विचारलं साडी कुठली, तर या वेळी खरं सांगेन. तोवर नीरजाशी नीट बोलायला लाग.

तुझी बहीण
भानुमती