यशूने मांडलेले मुद्दे

प्रिय अल्काताई,

जय भीम. पत्र पाहून घाबरू नको. बाबा बरे आहेत, दीप्तीची कंबर थंडीनं धरली आहे, बाकी सगळे धडधाकट आहोत आणि भांडत आहोत. फोन सोडून पत्र काऊन, असं म्हणशील. अगं, या घरात आता फोनवर बोलायची सोयच राहिली नाही. समोरच्या खोलीत माझं सेतू केंद्र, मागं स्वयंपाकघर, आणि मधल्या खोलीत यशू, दिवसभर. मी काय बोलतो ते तिला शब्द न शब्द ऐकू जातं. दुसरं म्हणजे फोनवर तू पहिलं वाक्य बोललीस की माझी जीभ वळवळायला लागते. वाद घालायचा नाही असं ठरवून मी बोलायला घेतो आणि शेवटी तू रागानं फोन ठेवून देतेस. कागदावर तरी तू मला मध्ये तोडणार नाहीस. म्हणून अर्जुनी मोरगावला तुझ्या शाळेच्या पत्त्यावर टाकतो आहे. भाऊजींना वाचायला दिलंस तरी चालेल, त्यांच्यापासून काय लपवायचं.

दिवाळीत तू आलीस तेव्हा जे झालं ते माझ्या मनातून जात नाही. जेवताना तू म्हणालीस, संघदीप, तू पोरीला घरी शिकवत नाहीस, कोंडून ठेवतोस. झालं, मला तेवढंच पाहिजे होतं. शहरातले शिकलेले आईबाप मुलांना घरीच शिकवतात, मुक्त शाळेतून परीक्षा देता येते, तुमच्या वर्गात चाळीस पोरांत एका पोरीकडे मास्तर किती पाहतो, यशूचं गणित शाळेत होती त्यापेक्षा पुढं गेलं आहे, असा एकेक मुद्दा मी ताटासमोर बसून ठेवत गेलो. मग बाबा बोलले. बोलले ते आपल्या बोलीतच. “आमच्या बापाले शाळेच्या बाहेर पडवीत बसवत होते. पाऊस आला का भिजून राहे, पण उठत नव्हता. तू आपल्या पोरीले कोणाच्या सांगण्यावरून बाहेर बसवलं?” आणि मी काय म्हणालो? म्हणालो, तेव्हा शाळेला आपण नको होतो, आता आपल्याला शाळा नको, एवढाच फरक. वा रे पठ्ठ्या! बाबा अर्ध्या ताटावरून उठले. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलतात. यशू मात्र तेव्हा कौतुकानं माझ्याकडे पाहत होती, हे तुझ्या लक्षात आलं नसेल.

गोंदियाच्या कॉलेजातले दिवस आठवतात का? वादविवाद स्पर्धेला जाताना मी एसटीत बसून नाणं उडवायचो. छापा पडला की फाशी असावी, काटा पडला की नसावी. मला दोन्ही बाजू सारख्याच. तुझं तसं नव्हतं. तुला जे पटायचं तेच तू बोलायचीस आणि बोलता बोलता गळा भरून यायचा तुझा. चुकीच्या माणसाला लटकवलं तर मग त्याला परत कुठून आणाल, असं तू विचारायचीस आणि मुलं टाळ्या वाजवायची. मी उठून म्हणायचो, मॅडम भावनेच्या भरात बोलत आहेत. कप मला मिळायचा. येताना तू खिडकीकडं तोंड करून बसायचीस आणि मी तुला चिडवायचो. पण खरं सांगू, तो तुझा मुद्दा मला तेव्हाही खोडता आला नव्हता. मी फक्त आवाज चढवला होता.

त्याच मुद्द्यानं आता माझी झोप उडवली आहे.

छोटेलालच्या पोरीचं, नीतूचं, तुला ठाऊक आहे, पण सगळं ठाऊक नाही. दोघी पोरी आपल्या तलावाच्या पाळीवरून, त्या उंच बांधावरून, शाळेत जायच्या-यायच्या. गेल्या वर्षी धानाची कापणी झाली होती, दिवस लवकर मावळत होता. यशू बोरं वेचायला पाळीखाली उतरली आणि नीतू वर दप्तर सांभाळत उभी राहिली. बिबट्या झुडपातून आला. यशूनं पाहिलं, ताई. सगळं पाहिलं. अनवाणी धावत आली आणि दारात उभी राहून नुसतं तोंड उघडत होती, शब्द फुटत नव्हता. ओंजळीत बोरं तशीच होती. नीतूचं प्रेत घरी आणलं तेव्हा मी पाहायला गेलो नाही. माझी हिंमतच झाली नाही.

दुसऱ्या दिवशी गावात सभा. वनविभागाची माणसं आली होती. सेवकराम पाटील ओरडत होते, त्याले आमच्या समोर गोळी घाला. मी तर उभं राहून भाषणच ठोकलं. एकाला मारल्याशिवाय बाकीच्यांना जरब बसत नाही, हे कॉलेजातलं वाक्य मी बिबट्यासाठी वापरलं, बोल आता! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग पिंजरा लागला, त्यात बकरी बांधली, आणि एका पहाटे बिबट्या सापडला. अख्खं गाव पाहायला गेलं. छोटेलाल पिंजऱ्यापाशी उभा राहिला आणि साहेबाला म्हणाला, हाच का? साहेब म्हणाले, बहुधा हाच. त्याला गाडीत घालून दूर नेलं, लोकांनी सुटकेचा श्वास घेतला. मी नाही घेतला. बहुधा म्हणजे काय? दुसराच असला तर? खरा अजून पाळीखालीच बसला असेल तर? ताई, मला त्या दिवसापासून दिवसाढवळ्या तुरीच्या शेताकडं पाहवत नाही.

यशूला आठ दिवस घरी ठेवू म्हटलं. मग महिनाभर. मग मी पुस्तकं मोबाईलवर उतरवली, वेळापत्रक केलं, आणि लोक विचारायला लागले तसे मुद्दे तयार केले. भीती वाटते असं सांगायला लाज वाटत होती, मुद्दे सांगायला वाटत नव्हती. पोरगी हुशार, पटापट शिकत गेली. मी खूश. बाकीचं मी पाहत होतो आणि पाहत नव्हतो. आधी ती अंगणात बसेनाशी झाली. मग मधल्या खोलीची खिडकी लावून घ्यायला लागली, म्हणे उजेड डोळ्यांवर येतो. मैत्रिणी आल्या तर डोकं दुखतं. पौर्णिमेला दीप्ती विहारात चल म्हणाली तर अभ्यास राहिला. बाजूच्यांचा कुत्रा भुंकला की तिच्या हातातली पेन्सिल थांबते आणि ओठ पांढरे पडतात. दीप्ती मला रोज म्हणते, अहो, पोरगी वाळून राहिली. तिच्याशीही मी वादच घातला.

मागच्या सोमवारी मात्र मीच हरलो. सकाळी दप्तरं घेऊन पोरी रस्त्यानं जात होत्या, यशू खिडकीच्या फटीतून त्यांना पाहत होती. म्हटलं, यशू, चल उद्यापासून शाळेत, मी गाडीवर सोडतो, गाडीवर आणतो. तिनं वही मिटली आणि बोलायला लागली. अगदी शांत. शहरातले आईबापही घरीच शिकवतात, पप्पा. परीक्षा घरून देता येते. माझं गणित पुढं गेलं आहे. एकेक मुद्दा, माझाच, माझ्याच क्रमानं. सगळ्यात भारी मुद्दा शेवटी ठेवायचा हेही मीच शिकवलेलं. तो तिनं शेवटी ठेवला. पकडला तो दुसराच असेल तर? पुरावा आहे का तुमच्याकडं? मग मला बाहेर कायले पाठवता?

तिचा आवाज जराही हलला नाही, पण मिटलेल्या वहीची कड ती नखांनी सोलत होती. बाबा खाटेवरून ऐकत होते. मला वाटलं आता टोमणा मारतील. ते उठले, तिच्याजवळ जाऊन बसले आणि तिचे हात आपल्या हातांत धरून ठेवले.

ताई, इतके दिवस मला बिबट्याची भीती वाटत होती. आता यशूची वाटते. तेरा वर्षांची पोर या खोलीतच म्हातारी होईल, आणि ते कसं बरोबर आहे हे सगळ्यांना पटवूनही देईल. म्हणून हे पत्र. तू या शनिवारी ये आणि तिला तुझ्याकडं घेऊन जा. तुझ्या शाळेत, तुझ्या वर्गात, तुझ्या डोळ्यांसमोर बसव. दीप्तीनं तिचे कपडे भरून ठेवले आहेत, यशूला अजून सांगितलं नाही. ती रडेल, दाराची चौकट धरेल, आणि मग मुद्दे मांडेल. उत्तर देत बसू नको, तुला ते जमायचं नाही, मलाही जमलं नाही. नुसता तिचा हात धर आणि एसटीत बसव. आणि ताई, मी स्वतःला ओळखतो. ती रडायला लागली की ऐन वेळी मलाही काहीतरी सुचेल, अगदी बिनतोड. त्या दिवशी आम्हा बापलेकींपैकी कोणाचंही ऐकू नकोस.

तुझाच लहाना,
संघदीप